लसूण ठेचायचा दगड

बायको गेली त्या दिवशी घरातून निघताना ओट्यावरचा तिचा दगड मी खिशात टाकला. का टाकला ते सांगता येत नाही. मूठभर, तांबूस, अंगावर काळे-पांढरे ठिपके. यादगीरकडच्या माहेराहून लग्नात आणलेला. जन्मभर त्यानं लसूण ठेचला.

मसणवटीत मडक्याला भोक पाडायला दगड लागतो. तोच मग जीवखडा. गेलेलं माणूस त्यात आहे असं धरून त्याच्यावर रोज पाणी घालायचं आणि दहाव्याला नदीत सोडायचा. पोरगा दगड शोधायला खाली वाकला तेव्हा मी हा पुढं केला. भटजी म्हणाले, "चालतंय की."

दहाव्याला सीना नदीच्या काठी पोरगा न्हाव्यापुढं मान घालून बसला होता. मी फडक्यातून दगड काढला आणि काठावरचा एक काळा उचलून त्यात गुंडाळला. पोरानं तो काळा पाण्यात सोडला. हात जोडून रडला. मी बाजूला उभा होतो, खिशात हात घालून.

तेव्हापासून तो माझ्या उशाखाली आहे.

दिवाळीला नात आली. ती कॉलेजात दगडांचंच शिकते. अंथरूण झटकताना तिला तो सापडला. उजेडात धरून म्हणाली, "आबा, हा हितला न्हाय."

"तुझ्या आजीच्या माहेरचा हाय."

"लई जुना की! आपला काळा दगड ह्याच्यापुढं कालचं पोर."

मग सांगत बसली. जमिनीचे म्हणे मोठाले तुकडे असतात, नखं वाढावीत तसे हळू सरकतात. एक दुसऱ्याखाली घुसतो, खोल आत दगड वितळतो, वर येता येता थिजतो. त्यातला हा. तेव्हा झाड नव्हतं, मुंगी नव्हती. काळा दगड फार उशिरा वरून पसरला. आपल्या घराखालीही खूप खोल असलाच जुना दगड असणार.

"म्हंजे आजीचं माहेर घराखालीच व्हतं. उगं यष्टीची तिकिटं काढली."

ती हसली. मग हसता हसता थांबली. "आबा, आजीचा लसणाचा दगडच जीवखडा केलता म्हणं की. बाबांनी सोडला न्हवं?"

मी भिंतीकडं बघितलं.

"बाबांना ठावं हाय?"

"न्हाय."

"मग सांगा."

पोरगा चिंचोळीच्या कारखान्यातून आला, हातपाय धुतले. मी दगड त्याच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यानं डोक्यावरून हात फिरवला. केस नुकते बोटात यायला लागले होते.

"मग मी डोकं कुणासाठी भादरलं, आबा?"

तो उठला, तांब्या आणला, दगड अंगणात नेला आणि दक्षिणेला तोंड करून त्याच्यावर पाणी घातलं. फडक्यानं पुसून माझ्या हातात दिला. "रविवारी जाऊ. तुमच्या हातानं सोडा."

मी व्हय म्हणालो.

रविवार येतो. मी म्हणतो, गुडघा दुखतोय. पोरगा माझ्याकडं बघतो, गाडीची किल्ली परत खिळ्याला अडकवतो. नात फोनवर समजूत घालते, "दगडाला घाई नसती, आबा."

दगडाला नसेल. पण बायकोचं जायचं अडलं असेल तर ते माझ्यामुळं. एवढं कळतं, तरी मूठ उघडत नाही.