केशोरावांची ढोली

आमगावजवळच्या त्या खेड्यात केशोरावांकडे पैसा किती, हे कोणाला ठाऊक नव्हते. धान किती, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते. ओसरीत बांबूची, शेणामातीने लिंपलेली पुरुषभर उंच ढोली, आणि तिच्यात तीन हंगामांचा धान. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला पाहुणे आले की पाय धुण्याआधी त्यांची नजर तिकडे जायची. सोयरिकीला आलेला माणूस तर ढोलीवर बोटे वाजवून पाहायचा. आवाज भरीव आला की पुढचे बोलणे. पत्रिका पाहण्यापेक्षा ही रीत बरी. निदान आत काहीतरी असते.

नंदाबाईंना, म्हणजे केशोरावांच्या बायकोला, आत काय असते ते नेमके माहीत होते. सोंडे असत, उंदीर असत, आणि दर वर्षी थोडा कमी धान असे. पोस्टात पैसे ठेवले तर वाढतात, ढोलीत धान ठेवला तर उंदरांचे कुटुंब वाढते, एवढा हिशोब त्यांना कागदाशिवाय जमत होता. मुलगी दामिनी बारावी झालेली. यंदा नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत ती थोडक्यात हुकली, पुढच्या वर्षी नंबर लागणार होता. तिची फी त्या ढोलीतच पडून होती.

मे महिन्यात केशोराव बहिणीच्या घराची कवेलू, म्हणजे कौले, फेरायला आठ दिवस चिचगडला गेले. नंदाबाईंनी व्यापारी बोलावला, धान विकला आणि पैसे स्वतःच्या नावाने पोस्टात वर्षभराच्या ठेवीत टाकले. ढोलीत तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, दाबून भरली, वर वीतभर धान पसरला आणि तोंड लिंपून टाकले. नवऱ्याला न विचारता त्यांनी केलेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे दामिनीची सायकल.

नोव्हेंबरात मंडईला देवरीकडचे टिकाराम मुलासाठी दामिनीला पाहायला आले. त्यांनी बोटे वाजवली, आवाज बरा आला. पण माणूस चिकित्सक. धान किती जुना ते पाहायचे म्हणून त्यांनी तोंडाचा लिंप फोडला आणि कोपरापर्यंत हात घातला. हातात तणीस आली. ती त्यांनी खाटेवर नीट ठेवली, चहा संपवला आणि म्हणाले, "जुना धान हाये म्हनलं होतं. हा तं बैलाचा चारा निंगाला."

पाहुणे गेल्यावर केशोरावांनी एवढेच विचारले, "मले काऊन नाही सांगलं?"

"सांगलं असतं तं इकू देला असता काय?"

केशोरावांनी उपाय काढला: ठेव मोडायची, बाजारातून जुना धान आणायचा आणि दुसरे पाहुणे यायच्या आत ढोली भरायची. पोस्टातल्या कारकुनाने सांगितले की सहा महिन्यांच्या आत ठेव मोडता येत नाही, अजून अकरा दिवस आहेत. सरकार बोलल्याप्रमाणे वागते, हा अनुभव केशोरावांना नवा होता आणि नेमका नको तेव्हा आला होता. अकरा दिवस ते पानठेल्याकडे फिरकले नाहीत. तिथे तणशीचा भाव विचारला जात होता.

बाराव्या दिवशी दोघे पुन्हा खिडकीशी उभे राहिले. आता मोडली तर व्याज साध्या बचत खात्याचे मिळेल, असे सांगून कारकुनाने फॉर्म पुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली. नंदाबाईंनी पेन हातात घेतला, पण टेकवला नाही.

"दामिनीचे बाबू, ढोलीच भराची हाये तं नवा धान येऊन राहिला, थो भरा."

"नवा धान जुना व्हाले तीन सालं लागतेत."

"पोरीले नर्स व्हाले बी तीनच सालं लागतेत."

मागच्या माणसाने घसा खाकरला. केशोराव फॉर्मकडे पाहत राहिले. त्या कागदावर त्यांच्या सहीला जागाच नव्हती, हेही त्यांच्या ध्यानात आले असावे. मग त्यांनी बायकोच्या हातातून पेन काढून घेतला, टोपण लावले आणि खिशात ठेवू लागले. पेनाला दोरी बांधलेली होती.

"काका, तो पोस्टाचा आहे," कारकून म्हणाला.