उजेडाचा डबा

माणसाचं नाव-गाव विचारण्याआधी अक्का त्याला विचारत, "सकाळधरनं कितीदा जाऊन आला?" तेही हळू आवाजात नव्हे. बारामतीतल्या माझ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसं बाकांवर बसलेली असत, आणि त्यांच्या मधोमध कमरेवर हात ठेवून अक्का एखाद्या फेटेवाल्या पाटलाला हा प्रश्न टाकत. पाटील आधी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघे, मग छताकडे, आणि शेवटी मुकाट्यानं खरा आकडा सांगून टाके. तोच प्रश्न मी आत खुर्चीत बसून शुद्ध मराठीत विचारला, की हाच माणूस "तसं ठीक हाय" म्हणून मोकळा होई. माझ्या पदवीपुढे लोक लाजत, अक्कांपुढे लाजायची सोयच नव्हती.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मूत्रविकारांची शस्त्रक्रिया शिकून मी नुकताच आलो होतो आणि जळोचीच्या रस्त्याला दवाखाना बांधला होता. सोनोग्राफीचं मशीन होतं, मूत्रमार्गातून आत जाणारी बारीक दुर्बीण होती. पोट न फाडता खडा बाहेर येतो, याचं लोकांना नवल वाटे. खरं सांगायचं तर मलाही वाटे. आमच्या शास्त्रात तेव्हा सारखं काही ना काही नवं येत होतं. बाहेरून लाटा सोडून खड्याचा भुगा करणारं यंत्र पुण्यात आलेलं होतं. मी मासिकं मागवून वाचायचो, पुण्याच्या बैठकांना जायचो आणि परत आलो की आठ दिवस जमिनीच्या वीतभर वरून चालायचो.

मला जमिनीवर आणायचं काम अक्कांकडे होतं. कागदोपत्री त्या आया. मूळच्या बावड्याच्या, वय पन्नाशीच्या आसपास, नाकीडोळी ठसठशीत आणि आवाज दोन शेतांपलीकडे जाईल असा. त्यांच्या वडलांची मेंढरं होती, आणि लहानपणी त्यांच्यामागं त्या नीरा-भीमेच्या काठानं हिंडलेल्या. एकदा लघवी तुंबलेला पेशंट आला तेव्हा मी त्याला तपासायच्या आतच त्या म्हणाल्या, "ह्येचं मेंढ्यासारखं झालंय." मी रागावलो. त्यांनी माझ्या रागाकडे लक्ष दिलं नाही. "मेंढा पाणी कमी प्याला की अडतो, डाक्टर. आमचा बाप सांजच्याला एकेका मेंढ्याखालची भुई बघायचा. वली भुई दिसल्याबिगर भाकरीला हात लावायचा न्हाय." पुढे एका जनावरांच्या डॉक्टरांना मी हे सहज विचारलं. ते म्हणाले, शंभर टक्के खरं आहे, मेंढ्यांना खडे होतात आणि अडतात ते नर. अक्कांचा बाप माझ्या आधी कितीतरी वर्षं मूत्रविकारतज्ज्ञ होता, हे मला मान्य करावं लागलं.

बायकांच्या बाबतीत त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "इचारल्याबिगर बाई सांगत न्हाय." मी ते ऐकायचो आणि मान डोलावायचो. मान डोलावणं आणि ऐकणं यात किती अंतर असतं, ते मला कमलनं शिकवलं.

कमल नरसिंहपूरच्या बाजूची, दोन लेकरांची आई. तिचं एक मूत्रपिंड जन्मापासूनच सुकलेलं होतं, सगळा कारभार दुसऱ्यावर. त्या दुसऱ्याच्या नळीत खडा अडकला आणि ती तापानं फणफणून माझ्याकडे आली. मी दुर्बिणीतून खडा काढला. काम इतकं सुरेख झालं की मी ती गोष्ट पुण्याच्या बैठकीत फोटोंसकट सांगितली आणि टाळ्या घेतल्या. वर्ष भरलं आणि कमल परत आली. तोच ताप, तीच कळ, तिथंच खडा. मी पुन्हा काढला. या खेपेला मात्र फिल्म उजेडावर धरून बघितली, तर मूत्रपिंड सुजायला लागलं होतं. आणखी एक-दोन खेपा, आणि ते गेलं असतं. त्यानंतर बाईनं जगायचं कशावर?

मी कारणं शोधत बसलो. खडा तपासायला पुण्याला पाठवला, रक्त तपासलं, औषधं बदलली, "भरपूर पाणी प्या" असं चिठ्ठीवर दोनदा लिहून खाली रेघ मारली. अक्कांनी ती चिठ्ठी बघितली, गोळ्यांचे दोन रिकामे पत्र्याचे डबे धुतले, एकाच्या झाकणाला चुना फासला, दुसऱ्याच्या झाकणाला काजळ. मग मूठभर चिंचोके कमलच्या ओटीत टाकून म्हणाल्या, "उजेडात जाऊन आलीस की ह्या पांढऱ्या डब्यात येक टाकायचा, अंधारात गेलीस की काळ्यात. आठ दिस. खोटं टाकायचं न्हाय." कमलला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण चिंचोका टाकायला कुठली शाळा लागते?

आठ दिवसांनी ती डबे घेऊन आली. सोबत सासरे, अण्णा. अक्कांनी काळा डबा हलवला, तो खुळखुळला. पांढरा हलवला, आवाजच नाही. उघडला तर आत एकसुद्धा चिंचोका नव्हता. अक्कांनी फक्त विचारलं, "का गं?"

"कुठं जाऊ, अक्का?" कमल खाली मान घालून म्हणाली. "ऊस उभा हाय तवर आडोसा असतो. ऊस तुटून गेला की समदं रान उघडं. मग म्या पाणीच पीत न्हाय."

मी फाईल काढली. दोन्ही खेपांच्या तारखा ऊसतोड संपल्यानंतरच्या. मी दोन्ही ठिकाणी "उन्हाळा" असं कारण लिहून मोकळा झालो होतो. ऊसपट्ट्यात राहायचं, आजूबाजूला चहूकडे ऊस, आणि तो उभा आहे की तुटला याचा मूत्रपिंडाशी संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

अण्णांना मी फिल्म दाखवून समजावलं. त्यांचं घर पक्क्या स्लॅबचं, दारात ट्रॅक्टर, कारखान्याचे जुने सभासद. पण ते ऐकेनात. "डॉक्टर, आमच्या आयांनी-आज्यांनी कधी मागितला व्हता का संडास? देवाच्या गावात ऱ्हातो आमी, घरात घाण कशी करायची? तुमी औषिद द्या. लागंल तेवढं भारी द्या." मी हात टेकले. अक्का पदर खोचून पुढे आल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अण्णा, समदे एकाच हिरीचं पाणी पिता न्हवं? मग तुमच्यात बी खडा असायचा. आलाच हाय तर सोनोग्राफी करून घ्या." अण्णा खूश झाले. मशीनची हौस तेव्हा सगळ्यांनाच होती.

सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं. अक्कांनी त्यांना एकापाठोपाठ एक पाण्याचे चार मोठे पेले पाजले आणि बाकावर बसवलं, "बोलावल्याबिगर उठायचं न्हाय, न्हायतर परत पयल्यापासनं." मग त्या दुसऱ्या पेशंटांना आत सोडत राहिल्या. काही वेळानं अण्णांचा गुडघा हलू लागला. मग फेटा डोक्यावरून मांडीवर आला. "झालं का, अक्का?" "येतोय तुमचा नंबर." शेवटी अण्णा उठूनच उभे राहिले, "अवो बाई, सोडा की मला!"

अक्का त्यांच्या वाटेत उभ्या राहिल्या. "किती येळ झाला, अण्णा?"

"लई येळ झाला!"

"घड्याळात बगा. पाऊण तास. तुमची सून दिस उगवल्यापासनं मावळंपर्यंत अशी बसती. रोज. आन तिला मूत्रपिंड येकच हाय. जावा आता."

अण्णा गेले ते जवळजवळ धावत. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता आणि फेटा नीट बांधलेला. सोनोग्राफीचं नावही न काढता त्यांनी मला विचारलं, "डॉक्टर, गवंड्याला खड्डा किती खोल सांगायचा?"

नंतर मी अक्कांना झापलं. म्हातारा माणूस, तुंबली असती तर नळी घालावी लागली असती. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांची धार चांगली हाय. आल्या आल्या इचारून घेतलं व्हतं मी."

महिन्याभरात संडास उभा राहिला. कमलला त्यानंतर खडा झाला नाही, तापही आला नाही. दर वर्षी ती तपासणीला येई आणि खोलीत शिरताच पांढऱ्या झाकणाचा डबा अक्कांच्या कानाशी नेऊन खुळखुळवून दाखवी. पुढे एका परदेशी मासिकात मी वाचलं, की असे विकार ओळखायला पेशंटनं काही दिवस स्वतःची नोंद ठेवावी, केव्हा गेला, किती वेळा गेला, सगळं लिहून काढावं. मी धावत जाऊन अक्कांना ते मराठीत वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "लिवून? मग त्यांच्यात चिंचोके न्हाईत व्हय?"

मी मात्र आता फारच हुशार झालो होतो. बारामती-इंदापूरच्या गावोगावी शाळांतून, सोसायटीच्या सभांतून भाषणं द्यायला लागलो. दोन डबे घेऊन जायचो, कमलचं नाव न घेता तिची गोष्ट सांगायचो आणि पुरुषांना दरडावून विचारायचो, "तुमच्या घरातल्या बायका दिवसा कुठं जातात, कधी विचारलंत?" अक्का मागच्या रांगेत बसून ऐकायच्या आणि येताना गाडीत काहीच बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, बाई भारावून गेलीय.

मग अक्कांचे गुडघे बोलू लागले आणि मुलानं त्यांना बावड्याला घरी बोलावून घेतलं. शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही साडी, नारळ, चहा असा छोटासा निरोप दिला. मी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द बोललो, डबे-चिंचोक्यांची गोष्टही आलीच. सगळे पांगल्यावर अक्का माझ्या खोलीत आल्या आणि पिशवीतून पांढऱ्या झाकणाचा एक डबा काढून टेबलावर ठेवला.

मी सवयीनं हलवला. आवाज नाही. "कुणाचा हा? कुठली पेशंट?"

"माझा. हितं कामाव असतानाचा. आठ दिसांचा हाय."

मला काही कळेना. त्या खिडकीबाहेर बघत सांगू लागल्या. कामावरच्या बायकांसाठी दवाखान्यात एक संडास मी बांधला होता, दारावर पाटीही होती. पण पहिल्याच वर्षी सलाईनची खोकी आली आणि ती मी तिथं ठेवायला लावली, तात्पुरती. ती तात्पुरती खोकी इतकी वर्षं तिथंच होती, नवी येत होती, जुनी जात होती. पेशंटांचे संडास कामावरच्यांनी वापरू नयेत, अशी नोटीस भिंतीवर होती, खाली माझी सही. उरला कामावरच्या पुरुषांचा, त्याचं दार बाकांवर बसलेल्या तीस पुरुषांच्या समोर. अक्का, दोन नर्स आणि झाडूवाली, चौघी सकाळी आठला येत आणि सहा वाजता घरी गेल्यावरच जात. इतकी वर्षं.

"अक्का, एकदा तरी बोलायचं होतं!" मी जवळजवळ ओरडलो.

"इचारल्याबिगर बाई सांगत न्हाय," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं व्हतं की तुमाला. गावोगाव तुमी बी त्येच सांगता." आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला मान वर करता येईना.

त्यांच्या इंदापूरच्या गाडीला तासभर होता. मी कोट काढला आणि खोकी बाहेर आणायला लागलो. कंपाउंडर धावत आला, त्याला मी बाजूला केलं. व्हरांड्यातली माणसं उठून बघत होती, डॉक्टर घामाघूम होऊन सलाईनची खोकी वाहतोय. झाडूवालीनं फरशी घासली, नळ गंजला होता तो पान्यानं सोडवला, नव्या बादलीत पाणी भरलं. नोटीस मी स्वतःच फाडली.

अक्का आधी आत गेल्या. बाहेर आल्या, पदराला हात पुसले, माझ्या टेबलाशी आल्या आणि कनवटीचा एक चिंचोका काढून डब्यात टाकला. तो टण्णकन वाजला. मग पिशवी उचलून त्या गाडीला निघून गेल्या.

त्या बावड्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. दवाखाना वाढला, यंत्रं कितीतरी बदलली. माझ्याकडे नवा डॉक्टर कामाला आला की मी त्याला आधी यंत्रं दाखवत नाही, कामावरच्या बायकांना जाऊन विचारून यायला सांगतो. डबा अजून टेबलावर आहे. त्यात तो एकच चिंचोका आहे.