वेरूळच्या रांगेतला ताप

उन्हाळ्याची सुटी लागली की गारखेड्यातल्या त्या सोसायटीत सहलींचे बेत शिजायला लागत आणि दीपमाला सावध होई. तिला फिरायचा कंटाळा होता असं नाही. दौलताबादचा किल्ला चाले, म्हैसमाळची संध्याकाळ तर फारच चाले. धपाटे, कैरीचं पन्हं, ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा, अशी जय्यत तयारी करून ती निघायची. पण कुणी पोहण्याच्या तलावाचं नाव काढलं, की फोनवर तिचा आवाज एकदम खाली यायचा. "शिवमला जरा ताप आल्यासारखं वाटतंय हो. तुम्ही जाऊन या."

"हिचं पोरगं म्हणजे मिठाची बाहुली," बायका हसायच्या. "पाण्यात घातलं की विरघळतंय!"

हसू देत, असं तिला वाटे. कारण शिवमच्या पाठीवर, उजव्या खवाट्याखाली, कोडाचा डाग होता. दोन वर्षांपूर्वी मसुराएवढा दिसला होता, आता तळहाताएवढा झाला होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, हे कुणाला लागत नाही, दुखत नाही; फक्त लपवू नका, पोर बिचकेल. दीपमाला बी.एस्सी. झालेली. तिला सगळं समजत होतं. पण माहेरी, कन्नडला, तिच्या कोड असलेल्या सरूमावशीची ताटवाटी चुलीमागच्या फळीवर वेगळी ठेवलेली असायची, आणि मावशीला बघायला कधी कुणी पाहुणे आले नाहीत, हेही तिनं पाहिलं होतं. सासरी कळलं तर हे हिच्या माहेरातून आलं, असं म्हणतील. म्हणून तिनं ते फक्त नवऱ्याला, सोमनाथला, सांगितलं होतं. सासूबाईंना, मनकर्णाबाईंना, नाही. दिवाळीला नातवाला तेल लावायचा मान आजीचा. पण गेल्या दोन दिवाळ्या आजी उठायच्या आत तिनं पोराला न्हाऊ घालून कपडे चढवले होते. आणि शिवमला बजावलं होतं, "कुणासमोर शर्ट काढायचा नाही. आजीसमोरसुद्धा."

यंदा मे महिन्यात मनकर्णाबाई गावाहून आल्या त्या ठरवूनच. "औंदा लेकराच्या हातानं घृष्णेश्वराला पाणी घालायचं. लई दिवसाचं मनात हाय."

सोमनाथला सुटी नव्हती. तिघं सकाळच्या एसटीनं वेरूळला निघाले. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगानंच जावं लागतं, हे दीपमालाला माहीत होतं. तिनं मनातल्या मनात बेत केला होता, की आत्याबाईंना (सासूला ती आत्याबाईच म्हणे) आत पाठवायचं आणि आपण पोराला घेऊन बाहेरूनच हात जोडायचे. पण मनकर्णाबाईंनी नातवाचं मनगट जे धरलं, ते सोडलंच नाही. रांग पुढं सरकत गेली. पुढचे बाप्ये शर्ट, बनियन काढून खांद्यावर टाकत होते. एक ढेरपोट्या गृहस्थ गुंड्यांशी झटापट करत होता, त्याची बायको म्हणाली, "पोट आत घ्या की जरा, देव बघतोय." आजूबाजूचे हसले. शिवम हसला नाही.

"काढ रं सदरा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

दीपमाला सबब शोधत होती. तिनं तोंड उघडायच्या आत शिवमनं हाताचा पंजा कपाळाला लावला, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आजी, मला जरा ताप आल्यासारखं वाटतंय गं."

शब्द तिचे होते, ढबही तिचीच. अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडून ते ऐकताना दीपमालाच्या कानशिलांवर ऊन लागल्यासारखं झालं.

"ओ माय!" म्हणत म्हातारी रांगेतून बाहेर पडली. इतका वेळ तिष्ठून गाभारा दोन पावलांवर आला होता. मागच्या बाईनं लगेच जागा घेतली. मनकर्णाबाईंनी नातवाला खांबाच्या सावलीत बसवलं, पदर ओला करून त्याच्या कपाळावर ठेवला.

"आत्याबाई, तुम्ही तरी जाऊन या."

"देव काय पळून चाललाय व्हय? लेकरू तापलंय हितं." आणि त्यांचा हात शिवमच्या गळ्याशी गेला. "सदरा काढ बाबा. वारं लागू दे अंगाला."

शिवमनं दोन्ही मुठींनी कॉलर धरली. त्यानं आजीकडं पाहिलं नाही, आईकडं पाहिलं. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखं. ते डोळे बघून दीपमालाला सरूमावशी आठवली. मावशीही घरात कुणी आलं की बाह्या अशाच ओढून घ्यायची.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ताप नाही त्याला." आणि मग अडखळत, खाली बघत, तिनं सगळं सांगितलं. डाग, डॉक्टर, पहाटेच्या अंघोळी.

मनकर्णाबाईंनी ओला पदर पिळला. "दोन दिवाळ्या मी तेलाची वाटी घेऊन आले, तवर लेकरू न्हाऊन कपडे घालून बसलेलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, म्हातारीचा हात आता नको झालाय पोराला."

हे दीपमालाच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"दुखतं का रं?" आजीनं विचारलं.

"नाय."

"मंग चल. परत उभं ऱ्हायचं मागून. येतो का?"

शिवम बोलला, पण आजीशी नाही. "आई, तूच म्हणाली होतीस ना, कुणाला सांगायचं नाही? मग मी काढू का?"

तिनं होकाराची मान हलवली.

रांग पुन्हा गाभाऱ्याशी आली तेव्हा त्यानं एकेक गुंडी सोडली आणि शर्ट तिच्या हातात दिला. उघड्या पाठीनं तो आजीचा हात धरून आत वाकला. दीपमाला उंबऱ्याबाहेर थांबली. त्या पोरानं पिंडीवर पाणी कसं घातलं, आजी काय पुटपुटली, यातलं काहीच तिनं पाहिलं नाही. कारण तेवढा सगळा वेळ ती रांगेतल्या माणसांचे चेहरे तपासत होती, कोण बघतंय म्हणून.

कुणीच बघत नव्हतं. पोर बाहेर आलं, ओल्या हातांनी शर्ट मागू लागलं, तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघायचा तिला धीर होईना.