सरजाबाईंची टाकी आणि सोड्याचा उरलेला गॅस

गंगाखेडच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सरजाबाई १९८५ च्या जूनमध्ये वारलेल्या नवऱ्याच्या जागेवर शिपाई म्हणून लागल्या. शिक्षण सातवी, नेमणूक तात्पुरती. संस्थेने आधीच सांगून ठेवले होते की बारावीचे प्रॅक्टिकल नीट पार पडले तर कायम करू, नाहीतर शास्त्र शिकलेला माणूस घेऊ. घरात कमावते दुसरे कोणी नव्हते.

प्रॅक्टिकलला हायड्रिला नावाची पाणवनस्पती लागे. उजेडात तिच्या देठातून बुडबुडे निघतात, ते मुलांनी मोजायचे. फेब्रुवारीपर्यंत आसपासची डबकी आटून जात, म्हणून ती काचेच्या टाकीत, चार माशांच्या सोबतीने जगवावी लागे. हे काम सरजाबाईंचे.

जानेवारीत पाने पिवळी पडली. भीमनगरात राहायला येण्याआधी त्यांचा जन्म दुसऱ्यांच्या शेतात राबण्यात गेला होता. पिवळ्या पानावर त्यांना एकच औषध ठाऊक. त्यांनी मूठभर युरिया टाकला आणि वरची ट्यूबलाइट दिवसरात्र चालू ठेवली. तिसऱ्या दिवशी दोन मासे मेले. आठवड्यात पाणी शेवाळाने हिरवेगार झाले.

वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या पंडित सरांनी टाकीत वाकून पाहिले. "सरजाबाई, ज्वारी पेरली की काय?"

"पिवळं पडलं व्हतं, सर. म्हटलं भूक लागली असंल."

सर रागावले नाहीत. हे उपकार सरजाबाई पुढे जन्मभर आठवत राहिल्या. सरांनी त्यांना स्टुलावर बसवून समजावले, की उजेड, खत आणि कर्बवायू या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. पहिली दोन भरमसाट आणि तिसरा तोकडा असला, की झाड अडते आणि शेवाळ माजते. निम्मे पाणी दर दोन दिवसांनी बदला, दिवा आठच तास लावा, युरिया बंद. मुळाशी गाळाच्या मातीची एखादी गोळी पुरे.

"आन् त्यो वायू कुठं मिळंल?"

"सोड्याच्या बाटलीत असतो तोच," सर सहज बोलून गेले.

संध्याकाळी सरजाबाई स्टँडजवळ बन्सीधरच्या गोटीसोड्याच्या दुकानापुढे उभ्या.

"झाडाला सोडा पाजणार?" बन्सीधर म्हणाला. "कोन्या डाक्टरनं लिहून दिलं, बाई?"

पण त्याने सगळे ऐकून घेतले. मग कोपऱ्यातल्या सिलिंडरवर हात ठेवला. "हे संपत आलं की जोर जातो. बाटलीत गोटी बसत न्हाई. राहिलेलं मी वाऱ्यावर सोडून देतो. ते चालंल का?"

"चालंल न्हाई भाऊ, पळंल."

त्याने ट्रकची जुनी ट्यूब आणली आणि त्या उरल्यासुरल्या गॅसने फुगवून दिली. दर तीन दिवसांनी सरजाबाई ती ट्यूब खांद्यावर घेऊन भर बाजारातून कॉलेजला जायच्या. गोदावरीला गंगाच म्हणणारी भाजीवाली कडूबाई ओरडायची, "सरजे, गंगेत पवायला निघाली का?"

"मी न्हाई गं, माजं झाड पवायलंय."

दवाखान्यातून सलाईनची नळी आणली होती. तिच्या चाकाने त्या सेकंदाला एक बुडबुडा, इतका गॅस सोडत. दिवा मालवला की चाकही बंद. एकदा विसरल्या, तर सकाळी उरलेले दोन्ही मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. त्यानंतर विसरल्या नाहीत.

प्रॅक्टिकलच्या दिवशी प्रत्येक मुलाच्या परीक्षानळीत बुडबुडे चढले. नांदेडहून आलेल्या परीक्षकांनी, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर इतकी ताजी हायड्रिला कुठली, असे विचारले. पंडित सरांनी दाराशी उभ्या सरजाबाईंकडे बोट दाखवले.

"निम्मी बन्सीधरभाऊची हाय," त्या म्हणाल्या. परीक्षकांना काही उमगले नाही.

जूनमध्ये कायम झाल्याची ऑर्डर हातात पडली. सरजाबाई घरी न जाता सोड्याच्या दुकानात गेल्या आणि बन्सीधरला सोबत घेऊनच परतल्या. कॉलेजची पायरी तो प्रथमच चढत होता. त्यांनी दिवा लावला, चाक फिरवले. थोड्या वेळाने पानापानावर मोहरीएवढे बुडबुडे चमकू लागले.

बन्सीधरने काचेला नाक लावले.

"इतकी वर्सं मी हे वाऱ्यावर सोडीत व्हतो," तो म्हणाला. मग जाता जाता दारात थांबला. "उद्या नवं सिलिंडर येतंय. जुन्यात थोडं हाय. ट्यूब घिऊन या, बाई."