तीन हाका

उजवा तळहात तोंडाशी आडवा धरायचा, मान किंचित वर करायची, आणि समोरचा माणूस हाताच्या अंतरावर असला तरी चवदार तळ्यापर्यंत पोहोचेल अशी हाक मारायची, ही त्यांची सवय. महाडच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर तुम्ही कधी ताटकळला असाल, तर ती हाक तुम्हीही ऐकली असेल. पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. नाही आला तर आत जाऊन गैरहजर म्हणून सांगायचं. पट्टेवाला म्हणून त्यांचा सगळा जन्म त्या तीन हाकांत गेला.

जीव मात्र ते संध्याकाळी घेत त्या मल्लखांबाच्या वर्गात. हजेरी तिथेही कोर्टासारखीच. दहाबारा मुलं नाकासमोर ओळीत उभी, तरी प्रत्येकाच्या नावाने तीन हाका. पहिल्या हाकेला कुणी ओ दिली की म्हणत, "दम धर गो, अजून दोन बाकी हाईत." मुलं हसत, तेही हसत. घरी चहाला बायकोलाही तीनदा पुकारतात, हे त्यांची बायकोच सांगे. तिसऱ्या हाकेआधी ती उठतही नसे.

खिशात एरंडेलाची चपटी बाटली असायची. सगळ्या सदऱ्यांना एकाच जागी डाग. खांबाला अंगठा लावून तो नाकाशी नेत आणि "लाकूड तहानलंय" म्हणत तेल चोळायला घेत. खांब कोरडा पडला तर पोरांच्या मांड्या सोलवटतात, म्हणून हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. हे सगळं मी लिहितो आहे, कारण ते खरं आहे. त्यांच्याविषयी चांगलं लिहायची मला हौस नाही.

माझी मुलगी सई सहाव्या वर्षापासून त्यांच्याकडे होती. ती अकरा वर्षांची असताना तिची आई गेली. सातव्या दिवशी सई कोपऱ्यात बसून आईच्या साडीचा काठ उसवत होती. मला ते बघवेना. त्या संध्याकाळी वर्गात जिल्ह्याच्या संघाची निवड होती. मीच म्हणालो, जा.

ती गेली. त्यांनी तिला दारातच थांबवलं. सुतक आहे, मारुतीच्या खांबाला हात लावायचा नाही, आत यायचं नाही. ती बाहेर उभी राहिली. मग ते आत गेले, हजेरीची वही उघडली आणि निवडीची नावं पुकारू लागले. सईचंही पुकारलं. तीनदा. तीनही वेळा ती दाराबाहेरून "हजर" म्हणाली. त्यांनी वहीत गैरहजर लिहिलं.

घरी येऊन तिने चपला काढल्या नाहीत. उंबऱ्यातच विचारलं, "बाबा, मी हजर होते ना?"

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारायला गेलो. ते म्हणाले, "सुतकात खांबाला हात लावला आणि पोर पडलं, तर मी कुनाला तोंड दाखवू?"

"मग नाव कशाला पुकारलंत?"

"यादीत होतं. पुकारायला लागतं."

"तिने ओ दिली होती."

"दाराबाहेरची ओ धरत नाय, भाऊ."

मी वाचनालयात काम करतो. सूड हा शब्द पुस्तकांत पुष्कळदा वाचला होता. तो स्कूटरवर बसून उगवता येतो, हे तेव्हा कळलं. बिरवाडीला कंपनीत पाळीवर जाणारा एक तरुण मल्लखांब शिकवत असे. त्याची पाळी बदलली की वर्गाची वेळ बदले. मारुतीची तसबीर नाही, हाका नाहीत, एक शिट्टी. तेराव्यानंतर सईला मी तिथे घातलं. जायचा रस्ता सरळ होता, पण मी रोज मुद्दाम त्यांच्या वर्गाच्या दारावरून वळसा घेई आणि दारापाशी हॉर्न वाजवी. वर्षभरात आणखी चार मुलींच्या आईवडिलांना पटवून मी त्यांच्या मुली बिरवाडीला नेल्या. खोटं काहीच बोललो नाही. फक्त सातव्या दिवसाची गोष्ट सांगितली. ती पुरत होती.

त्यातल्याच एका आईने, मुलगी अजून तिथे जात असताना, मला सांगितलं, की सर अजून रोज सईचं नाव पुकारतात. तीन हाका मारतात, थांबतात, मग गैरहजर लिहितात. मी म्हणालो, पुकारू देत. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पुढच्या वर्षी सई बिरवाडीकडून जिल्ह्याला गेली. मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. आत गेलो नाही. त्यांनीच बाहेर येऊन एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला.

"तिकडं खांबाला तेल कोन लावतं?"

"ती स्वतःच लावते."

"खाली कमी लाव म्हनावं. उतरताना घाई करते ती. पयल्यापासून."

माझे पेढे वाया गेले.

यंदा श्रावणात ते दुपारी आडवे झाले ते उठले नाहीत. चहासाठी हाक आली नाही, म्हणून बायकोला कळलं. तिसऱ्या दिवशी वर्गात सगळे जमणार होते. सई म्हणाली, जाऊ या. मी गेलो, पण त्यांची रिकामी झालेली जागा बघायला.

आत खांबाशी फोटो होता, हार होता. खांबाला तीन दिवसांत तेलाचा हात लागलेला नव्हता; तो पांढुरका दिसत होता. सई दाराबाहेरच थांबली. तीच जागा.

"आत चल," मी म्हणालो.

"नको. मला सुतक आहे."

त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक आता पोलादपूरला शिक्षिका आहे. तिने ती वही उघडली. सरांच्या पद्धतीने शेवटची हजेरी घेऊ या, म्हणाली आणि तळहात तोंडाशी धरला. वहीत सईचं नाव अजून होतं.

पहिली हाक आली. सईने माझ्याकडे पाहिलं. दुसरी आली. मी मान हलवली, नाही म्हणून. तिच्या या एका गप्प बसण्यासाठी मी दोन वर्षं वळसा घालत होतो.

तिसरी हाक आली.

"हजर," सई दाराबाहेरून म्हणाली. हळू नाही, त्यांच्यासारखी, तळ्यापर्यंत.

शिक्षिकेने वर पाहिलं, मग खाली बघून वहीत हजेरीची खूण केली.

परतताना सई मागे बसली. मी सरळ रस्त्याने स्कूटर घेतली. त्यांना मी माफ केलेलं नाही. ते तिनं केलं असेल, तर तो तिचा प्रश्न आहे.