बायजाचा फेर

नवा नाच शिकवायला घेतला की पहिला दिवस बायजा नाचतच नसे. पदर कमरेला खोचून, हात मागे बांधून ती कडेला उभी राहायची आणि नाचणाऱ्या बायकांच्या पायांकडे बघत बसायची. शिकवणाऱ्या बाईंनी हाक मारली तर म्हणायची, "आज बघू द्या मला. पाय काय कुठं पळून नाय चाललेत." दुसऱ्या दिवशी मात्र ती फेरात शिरली की तिचं एकही पाऊल चुकत नसे. शिवाय आदल्या दिवशी कोण कुठे चुकत होतं, हेही तिला पाठ असायचं. माझी चूक तिनं मला पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी हसून "हो का" म्हटलं आणि त्या क्षणापासून ती मला डोळ्यांसमोर नकोशी झाली.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. तांदूळ अजून रेशनवरच मिळत होता. भाताची कापणी आटपल्यावर खालापूरजवळच्या एका शाळेत मास्तरणींसाठी सात दिवसांचं शिबिर भरलं. गावाकडचे नाच, गाणी आणि हातकाम शिकायचं आणि आपापल्या शाळेत जाऊन मुलींना शिकवायचं, असा बेत होता. आम्ही वीस-बावीस जणी होतो. मी दहिवलीची, वकिलांची मुलगी. कर्जतच्या मुलींच्या शाळेत दोन वर्षं शिकवत होते. पेटी वाजवायचे, गळा बरा होता, आणि आपल्याला गाण्यातलं कळतं असं मला लहानपणापासून घरीदारी सगळ्यांनी सांगितलेलं होतं. खोपोलीच्या गाडीतून उतरून बैलगाडीनं शिबिराला जाताना मी ट्रंकेबरोबर पेटीही घेतली होती.

पेटीपेक्षा मोठं ओझं मनावर होतं. शिबिरातून एकीला पुण्याला सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी पाठवणार होते. तिथून आल्यावर तालुकाभर फिरून शिकवायची नोकरी. वडील म्हणाले होते, "तुझी निवड झाली तर जा. नाही झाली तर वैशाखात लग्न उरकू. पनवेलचं स्थळ थांबायला तयार नाही." पनवेलचं स्थळ मी पाहिलं होतं. गृहस्थ वाईट नव्हते, पण पेटीकडे बघून त्यांनी "हे लग्नानंतरही चालू राहणार का?" असं विचारलं होतं.

बायजा चौकच्या वर, माथेरानच्या पायथ्याच्या एका लहान गावातून आली होती. वय माझ्याहून तीन-चार वर्षांनी जास्त. तिचे वडील शाळेत पट्टेवाले होते, म्हणून ती लहानपणी वर्गाच्या दाराशी बसून शिकली आणि पुढे सातवीची फायनल पास होऊन गावच्या शाळेत शिकवू लागली. नवरा माथेरानला हातरिक्षा ओढायचा, पावसाळ्यातच काय तो घरी यायचा. चार वर्षांची मुलगी सासूपाशी ठेवून ती शिबिराला आली होती. तिच्याकडे ट्रंक नव्हती, वहीसुद्धा नव्हती. एका धोतराच्या गाठोड्यात दोन लुगडी, बस्स.

माझ्याकडे वही होती. मी प्रत्येक नाचाची पावलं आकडे घालून लिहायचे, डावं, उजवं, टाळी, गिरकी. शिकवणाऱ्या मालतीबाई पुण्याच्या, कडक शिस्तीच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझी वही सगळ्यांना फिरवून दाखवली. मला वाटलं, पुणं आता दूर नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मागितली नाही. त्या बायजाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पुढं व्हा, बाकीच्या तुमचं बघून करतील." ढोलकी वाजवायला डोंगरातल्या वाडीवरचा एक म्हातारा ठाकर येत असे. तो कुणाशी बोलत नसे. पण बायजा फेरात उतरली की मान वर करायचा आणि त्याचा हात बदलायचा. माझ्या गाण्याला त्यानं कधी मान वर केली नाही. असल्या गोष्टी मी मोजत होते.

बुरूडकामाच्या दिवशी तर हद्द झाली. बांबूच्या पट्ट्यांची टोपली विणायची होती. माझी दोन बोटं कापली, टोपली एका बाजूला कलली. मी रागानं ती खाली ठेवली आणि बोटं धुवायला विहिरीवर गेले. परत येऊन बघते तर टोपली सरळ झालेली, काठ बांधलेला. बायजा शेजारी बसून स्वतःची दुसरी टोपली विणत होती.

"तुम्ही केलंत का हे?" मी विचारलं.

"काठच राहिला होता. काठाला जरा दम लागतो. पोट तुमीच विनलंय, चांगलं विनलंय."

मालतीबाईंनी ती टोपली उचलून माझं कौतुक केलं. मी ते घेतलं. बायजा विणत राहिली. तिनं काही बोलायला हवं होतं, म्हणजे मला तिच्यावर रागवायला कारण तरी मिळालं असतं.

पाचव्या दिवशी मालतीबाईंनी जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीनं आपल्या गावातलं एक गाणं घेऊन त्यावर फेर बसवायचा आणि शेवटच्या दिवशी करून दाखवायचा. त्यावरूनच निवड होणार होती. माझी जोडी बायजाशी लागली. मी एक-दोन गाणी सुचवली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "गोड हायेत. पण ही बसून म्हणायची गानी. माझ्या आयचं एक हाय, बघा."

शाळेमागच्या खळ्यात उभं राहून तिनं ते म्हटलं.

*भाताच्या गं पेंढ्या रचल्या खळ्यात,*
*ऊन उतरलं तळ्यात,*
*माझ्या माहेराची वाट*
*दिसं ना गं, दिसं ना.*

गळा काही मोठा गोड नव्हता, थोडा घोगराच. पण तिनं शेवटची ओळ म्हटली आणि मला दहिवलीचं घर आठवलं. मी तर तेव्हा सासरीसुद्धा गेलेली नव्हते. मग तिनं पावलं दाखवली. मी ती वहीत उतरवून घेतली. पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. आम्ही दोघींनी करून दाखवल्यावर कोणाची निवड होणार, हे सांगायला मालतीबाईंची गरज नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी बाकीच्या जेवून पडल्या होत्या आणि मी ओसरीवर वही घेऊन बसले होते. गवताची गाडी घेऊन खोपोलीला निघालेला एक माणूस फाटकाशी थांबला. बायजाच्या गावचा होता. इकडं कुणी येत असेल तर घरची खुशाली कळवत जा, असं तिनं सासूला सांगून ठेवलं होतं.

"बायजाबाईंना निरोप द्या," तो म्हणाला. "पोरीला काल जरा कसर आली होती. आज उतरलीय. म्हातारीनं सांगितलंय, काळजी करू नको, उद्या तुझं आटपलं का सावकाश ये."

"सांगते," मी म्हटलं. गाडी गेली.

मी आत गेले. बायजा भिंतीला टेकून पायातला काटा काढत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "तुमच्या गावचा माणूस आला होता. मुलीला काल ताप आला. सासूबाईंनी निरोप धाडलाय."

एवढंच बोलले. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पुढचं मी सांगितलं नाही. ठरवून केलं म्हणावं तर इतका विचार करायला वेळच मिळाला नव्हता, आणि नकळत झालं म्हणावं तर तेही खरं नाही. ती काही विचारेल, म्हणून मी क्षणभर थांबले होते. तिनं विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. तिचा चेहरा पांढरा पडला. गाठोडं उचलून ती उठली.

"बाईंना सांगा, मी गेले म्हनून. गानं तुमी करा. येतंय तुमाला." दारात थांबून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि अनवाणीच निघाली. तिचं गाव तिथून सहा-सात मैल होतं.

दुसऱ्या दिवशी दुसरी एक जोडीदारीण घेऊन मी फेर केला. सगळ्यांना आवडला. "गाणं कुठलं?" मालतीबाईंनी विचारलं. "आमच्याकडचं," मी म्हणाले. निवड माझी झाली. वडिलांनी पनवेलला नकार कळवला. मी पुण्याला गेले, परत आले आणि तालुक्यातल्या शाळा फिरू लागले. प्रत्येक शाळेत तेच गाणं शिकवलं. मुलींना ते फार आवडायचं. रात्री झोप लागत नसे असं काही नाही, झोप लागायची. पण चौकच्या वाटेची शाळा यादीत आली, की मी काहीतरी निमित्त काढून ती पुढे ढकलायचे.

अशी दोन वर्षं गेली. शेवटी एकदा निमित्तं संपली.

मी गेले तेव्हा बायजा शाळेपुढच्या अंगणात मुलींचा फेर घेत होती. तेच गाणं. मी आंब्याखाली उभी राहून बघत राहिले. "दिसं ना" आलं तेव्हा सगळ्या मुली जागच्या जागी थांबल्या. टाळी नाही, पाऊल नाही. मग दुसऱ्या "दिसं ना"ला फेर उलटा फिरला. मी दोन वर्षं पहिल्याच "दिसं ना"ला मुलींना फिरवत होते. तिनं खळ्यात दाखवलं तेव्हा ती थांबली असणारच. माझ्या वहीत पावलांचे आकडे होते, थांबण्यासाठी काही लिहायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. ते थांबणं बघून मला लगेच लाज वाटली नाही. आधी हेवाच वाटला.

मुलींना सोडून ती माझ्यापाशी आली. तिनं पाणी दिलं. मी पाणी न पिताच सगळं सांगून टाकलं, त्या निरोपाचं आणि त्या "आमच्याकडचं"चंही.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "पळत पळत घरी आले तर पोर अंगनात लंगडी खेळत होती. सासू म्हनाली, अगं, आजच कशी आलीस? मी तर सावकाश ये म्हनून सांगितलं. तवाच कळलं."

"मग कुणाला काही सांगितलं का नाहीत?"

"कुनाला सांगू? माझं कोन ऐकनार, तुमी वकिलाच्या." तिनं पदर पुन्हा कमरेला खोचला. "लई राग आला होता. पोरीच्या नावानं केलंत, त्याचा आला. मला म्हनाला असतात, बायजा, मला जायाचंय पुन्याला, तू मागं हो, तर मी काय केलं असतं ते मला बी सांगता येत नाय. पन विचारायचं होतंत."

मी माफी मागितली. तिनं हात हलवला.

"माफी घेऊन मी काय करू? तुमचं शिबिर भरतंय ना यंदा? मला बोलवा. शिकायला नाय, शिकवायला."

मालतीबाईंना पत्रानं कळवण्यासारखी गोष्ट नव्हती. मी पुण्याला गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला, परत घातला. "तुझी नोकरी मी काढून घेत नाही," त्या म्हणाल्या. "पण शिबिर आता ती घेईल. तू बाकीच्यांबरोबर रांगेत उभी राहशील."

त्या हिवाळ्यात मी रांगेत उभी राहिले. ज्या मास्तरणींना मी शिकवलं होतं, त्यांच्या शेजारी. बायजानं पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, "आज कुनी नाचायचं नाय. नुसतं बघा." बायका कुरकुरल्या, मग बसल्या. माझ्या जागी ती उभी होती, आणि ती जागा तिला माझ्यापेक्षा शोभत होती. आपण हरलो असं वाटलं असतं तर बरं झालं असतं. तसं वाटायला आमची कधी बरोबरी तरी असायला हवी होती. सातव्या दिवशी निरोप घेताना बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या. माझ्याशी रीतसर नमस्कार झाले.

पुढे आम्ही वीस-बावीस वर्षं बरोबर काम केलं. ती मला "कुसुम" म्हणू लागली, मी तिला "बायजा". मैत्री म्हणावी का त्याला, मला अजून नक्की सांगता येत नाही. तिची लेक पुढे शिक्षिका झाली, तेव्हा पहिला पेढा तिनं मला आणून दिला. एखाद्या गावात तिच्यासाठी जेवणाचं आमंत्रण यायचं आणि माझं नाव राहून जायचं, तेव्हा ती म्हणायची, "कुसुम येनार असंल तर मी येते." तिचं ते म्हणणंही मला लागायचंच.

शेवटच्या आजारात मी तिला बघायला गेले. माथेरानचा डोंगर दिसेल अशी खाट टाकली होती. पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती. लेक चहा करायला आत गेली. मी खाटेशेजारी बसले.

"बायजा," मी म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. मला तुझा फार हेवा वाटायचा."

तिनं मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं.

"वाटायचा? आता नाय वाटत?"

मी विचार केला. खोटं बोलायची ती जागा नव्हती.

"वाटतो. अजून वाटतो."

तिचा चेहरा खुलला. उशी जरा वर सरकवायला सांगून तिनं डोळे मिटले.

"मग बरं हाय," ती म्हणाली. "या खेपेला निरोप पुरा सांगितलास."