डब्यावरचं नाव

धनंजयचं आणि माझं महिन्यातून एकदा तरी वाजतं. चूक बहुतेक वेळा माझी असते, कारण मी आधी ओरडतो आणि मग विचार करतो. माझ्या बाजूने एवढंच सांगतो की मी, अंकुश, हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये बावीस वर्षं फिटर आहे. कापसातून सरकी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या, हे आमचं काम. चोवीस मशीनच्या आवाजात ओरडल्याशिवाय कोणाला काही ऐकू जात नाही. धनंजय त्या आवाजातही हळूच बोलतो. ज्याला ऐकायचं असेल त्याने जवळ यावं, असा त्याचा खाक्या.

तो सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. वेणा नदीच्या पलीकडे त्याच्या वडिलांची, रूपरावकाकांची, शेती आहे. पुण्यात अकरा वर्षं नोकरी करून तो परत आला आणि आता घराच्या माडीवर बसून परदेशातल्या एका कंपनीचं काम करतो. ओळख झाली तेव्हा मी विचारलं होतं, "मोबाइलचं ॲप बनवते का बे तू?"

"नाई अंकुशभाऊ. ॲपच्या खाली जे असते, त्याच्याही खाली जे असते, ते मी लिहितो."

"मंग वरचं काऊन नाई लिहीत? लोकाइले दिसन तरी."

"वरचं लिहिणारे लय आहेत," तो म्हणाला, आणि चहा प्यायला लागला.

त्याच्या बोलण्यातून मला हळूहळू समजलं ते असं. यंत्राच्या मेमरीत किती जागा आहे, ती कोणी घेतली, काम झाल्यावर परत केली की नाही, हे सगळं खालच्या मजल्यावर बघावं लागतं. वरचे लोक तयार तुकडे जोडून प्रोग्राम उभा करतात. ते वाईट नाही, असं तोच म्हणतो. पण त्या धंद्यात दर दोन वर्षांनी नवीन भाषा येते आणि जुन्या भाषेचं सुतक पाळायला सुरुवात होते. सी नावाची एक भाषा आहे, तिला त्याच्या समोर पाचसहा वेळा मेलेली म्हणून जाहीर केलं. ती अजून चालू आहे. अलीकडे रस्ट नावाची भाषा आली, ती मेमरीच्या कितीतरी चुका लिहूच देत नाही, म्हणून ती त्याला फार आवडते. म्हणजे नव्याचा राग वगैरे त्याला नाही. राग मला आहे. मला तर नवीन पान्हाही आवडत नाही.

आठ वर्षांपूर्वी आमच्या जिनात आग लागली होती. कापसासोबत लोखंडाचा तुकडा आला, पाइपातून ओढला जाताना घासला, ठिणगी पडली आणि कापसाची गंजी पेटली. माणसं वाचली. माझा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. दवाखान्यात मला भेटायला धनंजय आला, खुर्चीवर बसला आणि ठिणगी पाइपात किती वेळात किती पुढे जाते, ते विचारायला लागला. मी हात धरून कण्हतोय आणि याला पाइपाची लांबी पाहिजे. त्या दिवशीचं भांडण मात्र माझी चूक नव्हती.

दोन महिन्यांनी तो एक डबा घेऊन आला. टिफिनपेक्षा थोडा मोठा, राखाडी, वर एक हिरवा दिवा. पाइपाला त्याने एक डोळा बसवला. डोळ्याला ठिणगी दिसली की डबा कापूस ओढणारा पंखा बंद करतो आणि पाण्याचा फवारा सोडतो. इंटरनेट नाही, स्क्रीन नाही, काही नाही. प्रोग्राम सीमध्ये लिहिलेला, आणि एकच काम करणारा. मी म्हटलं, "मळणीयंत्रवाले कसे मोठ्ठं नाव टाकतात, तसं तुयं नाव रंगवू का यावर?"

"नोको. आमच्या कामाचं असं आहे भाऊ, चाललं तर नाव नाई. बिघडलं तवाच निघते."

तेव्हापासून दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की आमच्याकडे आणखी एक विधी होतो. नारळ फुटतो, पंखा सुरू होतो आणि मी डब्याच्या डोळ्यासमोर फुलझडी पेटवतो. खटकन पंखा बंद, फवारा सुरू, बाया टाळ्या वाजवतात. गंजीवर काम करणाऱ्या कौशल्याबाई दरवर्षी डब्याला कुंकू लावतात. आगीच्या दिवशी त्या गंजीवरच होत्या.

आगीनंतर आमच्या शेठने, म्हणजे धर्मेंद्रशेठने, दुसराही नियम केला. काम संपलं की मेन स्विच पाडायचा, मग कुलूप. एक दिवस चुकला नाही. त्यामुळे डबाही रोज बंद व्हायचा आणि सकाळी सुरू व्हायचा. पण मधेच लाइन गेली आणि आली की मशीन लगेच फिरायला लागायच्या आणि डब्याला जागं व्हायला दीड मिनिट लागायचं. ते दीड मिनिट माझा जीव टांगणीला लागायचा. मी भाजलेल्या हाताने पाइप चाचपत उभा राहायचो. यंदा दसऱ्याच्या दिवशी मी मनावर घेतलं आणि डब्याला वेगळी बॅटरी लावून दिली. आता मेन पाडा नाहीतर लाइन जाऊ द्या, हिरवा दिवा जळत राहणार. मला कोण आनंद झाला होता. धनंजयला सांगायचं मात्र राहून गेलं.

नोव्हेंबर संपता संपता शेठकडे नागपूरहून पियुष नावाचा एक पोरगेला माणूस आला. त्याच्या कंपनीची नवी सिस्टिम होती: कॅमेरे, सगळं क्लाउडवर, आगीचा अंदाज एआय आधीच देणार. शेठ भारावला. पण धंद्याचा माणूस, त्याने धनंजयलाही बोलावलं. मंगळवारी दुपारी तीन वाजता ऑफिसात बसायचं ठरलं.

मी धनंजयला म्हटलं, "त्याले चांगला धुऊन काढजो."

तो हसला. एआयवर त्याचं म्हणणं मला माहीत होतं. त्याच्या कंपनीत गेल्या वर्षी एका कॉलवर तीस जणांना घरी पाठवलं आणि उरलेल्यांना सांगितलं, कोड एआयकडून लिहून घ्या, तुम्ही फक्त वाचा. "लिहिणारे कमी झाले त्याचं नाई काही," तो म्हणायचा. "वाचणारेबी कमी होऊन राह्यले, त्याची भीती वाटते."

मंगळवारी तो तीनऐवजी दोनलाच आला. गाडी स्टँडवर न लावता भिंतीला टेकवली आणि सरळ माझ्याकडे. पहिल्यांदाच त्याचं बोलणं मला लांबून ऐकू आलं.

"अंकुशभाऊ, डबा रोज बंद होते ना? मेन पाडता ना तुमी?"

"मेन रोज पाडतो," मी म्हटलं, आणि छाती काढून सांगितलं, "पण डबा नाई बंद होत आता. म्या बॅटरी लावली त्याले. दसऱ्यापासून एकडाव बंद नाई पडला!"

तो तिथेच सरकीच्या पोत्यावर बसला. बोटांवर दिवस मोजायला लागला. मोजून झाल्यावर म्हणाला, "चौपन्न."

मग त्याने जे सांगितलं ते मला दोनदा विचारावं लागलं. सकाळी त्याने गंमत म्हणून आपला आठ वर्षांपूर्वीचा प्रोग्राम एआयला वाचायला दिला होता. याला खालचं काही समजत नाही, हे शेठला दाखवायचं होतं. एआयने दहा चुका काढल्या. नऊ फालतू होत्या. दहावी खरी होती. डब्याच्या आत एक घड्याळ आहे, सुरू झाल्यापासून सेकंदाचे हजारावे भाग मोजणारं. त्या आकड्यासाठी धनंजयने लहान खण ठेवला होता. एकोणपन्नास दिवस आणि सतरा तासांनी तो खण भरतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. पुढची तपासणी कोणत्या आकड्याला करायची, त्या आकड्याचा खण मात्र मोठा होता. त्यात असा आकडा लिहिला गेला की लहान घड्याळ तिथे कधी पोहोचूच शकत नाही. डबा वाट बघत बसतो. दिवा जळतो, डोळा उघडा असतो, बघत कोणी नसतं.

रोज मेन पडत होता, म्हणून आठ वर्षं घड्याळ एका दिवसाच्या पुढे गेलंच नाही. मी बॅटरी लावली आणि ते चालत राहिलं, चार दिवसांपूर्वी शून्यावर येईपर्यंत.

दिवाळीतली एक फुलझडी कपाटात उरली होती. मी डोळा पाइपावरून काढून बाजूला नेला आणि ती त्याच्यासमोर पेटवली. ती शेवटपर्यंत जळली. पंखा फिरतच राहिला. हिरवा दिवा माझ्याकडे बघत होता आणि पलीकडे गंजीवर कौशल्याबाई कापूस ढकलत होत्या. मी धावत जाऊन पंख्याचा स्विच पाडला.

जिन थांबलं. एवढी शांतता दिवसा कधी नसते. मी धनंजयला कोपऱ्यात ओढलं.

"आयक माह्यं. बटन बंद कर, चालू कर. दोन मिन्टाचं काम. डबा पहिल्यासारखा. आज घरी जाऊन चूक दुरुस्त कर, उद्या येऊन टाक. काही झालं नाई, कोणाले समजत नाई. ऑफिसात तो नागपूरवाला आधीच येऊन बसला आहे. आज सांगशीन तर डबाबी जाईन अन् तुयं नावबी."

हे मी बोललो. लपवत नाही. त्यात त्याची काळजी होती तशी माझीही होती. बॅटरी माझी होती.

तो म्हणाला, "चार दिवस त्या बाया माह्या भरोशावर होत्या भाऊ. त्याइले समजाले पायजे का नाई?"

आणि ऑफिसात गेला. मागून मी. शेठ आधीच चिडला होता, जिन काऊन बंद म्हणून. पियुष लॅपटॉप उघडून बसला होता. धनंजयने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मला सांगितलं तेवढंच सोपं करून, आणि कुठेही 'पण' न लावता. शेठचा चेहरा उतरला.

"चार दिवस? सत्तर माणसं आहेत माह्या जिनात!"

"हो शेठजी. चूक माही आहे."

मी मधे पडलो, "बॅटरी म्या लावली, त्याले न इचारता."

"बॅटरी लावली ते बरोबर केलं," धनंजय म्हणाला. "बंद न पडता चालाले पायजे, हेच तं माह्यं काम होतं."

पियुषने सौम्यपणे सांगितलं, "सर, आमच्या सिस्टिममध्ये असा प्रॉब्लेम येतच नाही."

"येते," धनंजय तितक्याच सौम्यपणे म्हणाला. "सगळ्याइच्यात येते. आला तर इथं माहीत कसं पडन, तेवढं शेठजीले सांगा."

पियुष लॅपटॉप मिटत म्हणाला, बंगळुरूच्या ऑफिसला विचारून कळवतो. खोटं बोलला नाही, म्हणून मला तो आवडला.

शेठने त्या दिवशी कोणालाच हो म्हटलं नाही. धनंजयने तिथेच बसून चूक दुरुस्त केली. मग घड्याळ मुद्दाम शून्यावर येईल असं पुढे ढकललं आणि माझ्याकडून पुन्हा पुन्हा फुलझड्या पेटवून घेतल्या. पाच झाल्या, पाचही वेळा पंखा थांबला. त्यानंतर तो बाहेर गेला, बायांना गोळा केलं आणि त्यांनाही सांगितलं. खण, आकडे वगैरे त्यांना कळलं की नाही, माहीत नाही. कौशल्याबाई एवढंच म्हणाल्या, "सांगतलं, बरं केलं."

जानेवारीत दुसऱ्या पाइपावर पियुषची सिस्टिम लागली. धनंजयने ती पाहिली आणि चांगली आहे म्हणाला. पहिल्या पाइपावर डबा आहे तसाच आहे. आता दर सोमवारी फुलझडी पेटते.

डब्यावर आता एक कागद चिकटवला आहे, प्लास्टिकमध्ये घालून. अक्षर धनंजयचं. 'या डब्यात चूक होती. चार दिवस डबा आंधळा होता. दुरुस्त केली आहे. तरी विश्वास ठेवू नका, दर सोमवारी तपासा.' खाली त्याचं पूर्ण नाव आणि फोन नंबर. आठ वर्षं डबा नीट चालला तेव्हा त्याने नाव घालू दिलं नव्हतं.

परवा मी तो कागद प्लास्टिकमधून काढला आणि त्याच्या नावाखाली पेनाने लिहिलं, 'बॅटरी लावणारा: अंकुश, फिटर.' धनंजय म्हणाला, तुमचं नाव तिथे नको. मग आमचं त्यावरून वाजलं. नाव मी पुसलं नाही.